टाकीचे दुसरे भोक

गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना आपल्याकडे एक भोक कधीच पाडत नाहीत. एका कोपऱ्यात एक आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरे, अशी दोन भोके पाडतात. एकच पाडले तर तेल गुडगुड करत, थांबत थांबत येते आणि निम्मे ओट्यावर सांडते. दुसरे भोक तेलासाठी नसतेच, ते हवेसाठी असते. जेवढे तेल बाहेर गेले तेवढी हवा आत आली पाहिजे, हे द्रवगतिकीचा एकही तास न केलेल्या प्रत्येक किराणा दुकानदाराला माहीत असते.

कॅनडात घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारी बरीच मंडळी आहेत आणि त्यांच्या विमानांच्या बाबतीत मला सर्वात जास्त काळजी वाटते ती या दुसऱ्या भोकाची. पंख तुटेल, शेपूट निखळेल अशी भीती सगळ्यांनाच वाटते, म्हणून तिथले रिव्हेट तीन-तीनदा मोजले जातात. पेट्रोलची टाकी मात्र 'एक डबा, एक नळी, एक कॉक' म्हणून शेवटच्या महिन्यात उरकली जाते. मी स्वतः विमान बांधलेले नाही. पण नळ्यांतून वाहणारे द्रव आणि त्यांचे दाब हा माझा रोजचा पोटापाण्याचा विषय आहे, आणि त्या नजरेने पाहिले की हे 'उरकणे' फार खटकते.

आधी थोडी पार्श्वभूमी. घरी विमान बांधायचे म्हणजे काय वेडेपणा, असे आपल्या लोकांना वाटेल. पण इथे तो रीतसर, कायदेशीर छंद आहे. ऑन्टारिओतल्या गोडरिच गावच्या कीथ हॉपकिन्सनने १९५५ च्या सुमारास 'स्टिट्स प्लेबॉय' जातीचे एक छोटे विमान बांधून उडवले. कॅनडातल्या आधुनिक हौशी विमानबांधणीची सुरुवात तिथून मानतात. ते विमान आज ओटावाच्या विमान संग्रहालयात आहे. पुढे ऑन्टारिओतल्या मिडलंडची 'झेनेअर', ब्रिटिश कोलंबियातल्या चिलिवॅकची 'मर्फी' अशा कंपन्या संपूर्ण विमानाचे सुटे भाग पेटीत घालून विकू लागल्या. नियम असा, की बांधणीचे निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी आणि आनंदासाठी केलेले असले पाहिजे. यालाच इथे बोलीभाषेत '५१ टक्क्यांचा नियम' म्हणतात. अशा विमानाला विशेष प्रमाणपत्र मिळते आणि आत पाटी लावावी लागते, की हे विमान नेहमीची आंतरराष्ट्रीय मानके पूर्ण करत नाही. शेजारी बसणाऱ्याने ती वाचावी आणि मग बसायचे की नाही ते ठरवावे.

आता टाकीकडे वळू.

टाकीत हवा येण्याजाण्यासाठी जी बारीक नळी असते तिला व्हेंट म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या स्कूटरवाल्यांना हा प्रकार ठाऊक असेल. टाकीच्या टोपणातले बारीक छिद्र मळाने बुजले की स्कूटर दोन-तीन किलोमीटर नीट चालते आणि मग आचके देत बंद पडते. टोपण उघडले की 'फुस्स' आवाज होतो, आणि गाडी पुन्हा सुरू. मेकॅनिक टाचणी घालून छिद्र साफ करतो, चहाचे पैसे घेतो, विषय संपला. विमानात हा विषय इतक्या स्वस्तात संपत नाही, कारण तिथे बाजूला घ्यायला रस्ता नसतो.

ढोबळ हिशोब करून पाहू. समजा पंखातल्या ८० लिटरच्या टाकीत ६० लिटर पेट्रोल आहे आणि वर २० लिटर हवा. व्हेंट पूर्ण बुजलेला आहे. टाकी कार्ब्युरेटरच्या वर ९० सेंटीमीटर आहे आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली येते. एवढ्या उंचीचा दाब सुमारे साडेसहा किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एक पंधरांशापेक्षाही कमी. टाकीतून थोडेसे पेट्रोल गेले की आतल्या हवेचा दाब तेवढाच घसरतो आणि प्रवाह थांबतो. तासाला २४ लिटर पिणाऱ्या इंजिनाला हे व्हायला काही मिनिटेच लागतात. म्हणजे इंजिन सुरू केले, तापवले, धावपट्टीपर्यंत गेलो, सगळे झकास. आणि उड्डाण करून झाडांच्या वर आलो की इंजिन बंद. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर आत हवा कमी, म्हणून मुदतही कमी. 'आज टाकी फुल्ल आहे, चिंता नाही' म्हणणाऱ्यासाठी हा निसर्गाचा क्रूर विनोद आहे. टाकीचे पत्रे थोडे आत दबतात, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे वेगळे येतील, पण गोष्ट तीच राहते.

बरे, नळी उघडी असली म्हणजे झाले, असेही नाही. ती कुठे उघडते आणि तिचे तोंड कुठे वळलेले आहे, याला फार महत्त्व आहे. विमान ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर वेगाने जात असेल तर समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब साधारण दीड किलोपास्कल होतो. पेट्रोलच्या भाषेत सांगायचे तर २१-२२ सेंटीमीटर उंचीचा स्तंभ. नळीचे तोंड वाऱ्याकडे असेल तर हा दाब पेट्रोलला पुढे ढकलतो. तेच तोंड मागे वळलेले असेल, किंवा पंखाच्या वरच्या बाजूला, जिथे हवा पंखाला वर खेचत असते तिथे असेल, तर तेवढाच किंवा त्याहून जास्त दाब उलटा लागतो. पंखाच्या वर असलेल्या टोपणालाच भोक पाडून 'व्हेंट केला' म्हणणारे लोक प्रत्यक्षात टाकीला स्ट्रॉ लावतात. टोपणाची वायसर थोडी झिजली की पेट्रोल उडताना वरून शोषले जाते आणि पंखावर निळसर डाग उमटतो.

दोन टाक्या असतील तर आणखी मजा. समजा एका पंखाच्या नळीचे तोंड गवत कापणाऱ्या यंत्राचा धक्का लागून जरासे वाकले. दोन नळ्यांतल्या दाबात समोरच्या दाबाच्या फक्त एक दशांश फरक पडला, तरी दोन टाक्यांच्या पातळीत दोन सेंटीमीटरचा फरक होतो. पंखातली टाकी उथळ असते, १५-२० सेंटीमीटर खोल. तिथे दोन सेंटीमीटर म्हणजे कितीतरी लिटर. कॉक 'दोन्ही'वर ठेवला असला तरी एक टाकी आधी रिकामी होते, आणि वैमानिकाला वाटते गेज खोटे बोलतोय. बिचारा गेज अनेकदा खरे बोलत असतो.

खाली पंख असलेल्या विमानात तर कॉकला 'दोन्ही' असा पर्याय सहसा ठेवतच नाहीत. तिथे पंप पेट्रोल वर ओढतो, आणि एक टाकी रिकामी झाली की त्याला पेट्रोलपेक्षा हवा ओढणे सोपे जाते. वरच्या पंखाच्या विमानातली रचना खालच्या पंखाच्या विमानात जशीच्या तशी उचलणाऱ्याला हे कुणी सांगितलेले नसते.

कुंभारीण माशी सगळ्यांना माहीत आहेच. आपल्याकडे ती नळाच्या तोंडात, कुलपाच्या भोकात मातीचे घर करते. इथल्या उन्हाळ्यातही तिच्या बहिणी आहेत आणि सहा-आठ मिलिमीटरची व्हेंटची नळी म्हणजे त्यांच्या दृष्टीने तयार फ्लॅट. हिवाळ्यात माशी नसते, पण ओल्या ढगातून गेले की वाऱ्याकडे तोंड केलेल्या नळीवर बर्फ धरतो. म्हणून जाणते लोक नळीच्या मागच्या अंगाला एक बारीक छिद्र जास्तीचे ठेवतात. मुख्य तोंड बुजले तरी टाकीचा श्वास चालू राहतो. या जास्तीच्या छिद्राचा खर्च शून्य. पण ते का आहे हे माहीत नसलेला पुढचा मालक 'अरे, इथे गळतंय' म्हणून ते बुजवून टाकतो.

टाकी बसवण्याचेही असेच. पंख उडताना लवतो. टाकी त्याला घट्ट बोल्टांनी आवळली की पंखाचे लवणे टाकीच्या वेल्डिंगला सोसावे लागते आणि काही तासांत बारीक चीर पडते. पट्ट्यांनी बांधून खाली मऊ अस्तर द्यावे लागते. ते अस्तर पाणी शोषणारे असेल तर ॲल्युमिनियम खालून कुजते. पाणी काढण्याचा कॉक टाकीच्या सर्वात खालच्या जागी हवा. पण विमान शेपटीवर उभे असताना सर्वात खालची जागा एक आणि उडताना दुसरी. उभ्या विमानातून स्वच्छ पेट्रोल काढून समाधानाने मान हलवावी आणि उरलेले पाणी उड्डाणाच्या कोनात नळीशी यावे, हे सहज घडू शकते. इथल्या थंडीत तर ते पाणी गोठून चाळणी बंद करते. बजाजची स्कूटर रिझर्व्हही संपल्यावर आपण आडवी करायचो, आठवते? टाकीच्या कोपऱ्यातले उरलेसुरले पेट्रोल नळीच्या तोंडाशी आणण्यासाठी. विमान वेडेवाकडे वळले की याच्या बरोबर उलटे होते: थोडे उरलेले पेट्रोल नळीपासून दूर पळते, आणि तेही नेमके उतरण्याच्या वेळी.

त्यात भर इथेनॉलची. आज ऑन्टारिओतल्या साध्या पेट्रोलमध्ये ते असते, आणि भारतात तर २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर मजल गेली. मोटारींना ते चालत असेल. पण कितीतरी घरगुती विमानांत टाकी फायबरग्लासची असते आणि तिचे रेझिन, आतून फिरवलेले सीलंट, नळ्यांचे रबर हे सगळे इथेनॉल नसलेल्या पेट्रोलच्या काळात निवडलेले असते. सीलंटचा पापुद्रा सुटून नळीच्या तोंडावर बसला की पुन्हा तीच गोष्ट.

आता खऱ्या अपघाताकडे येतो. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी प्रसिद्ध अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या किनाऱ्यावर विमान कोसळून गेला. विमान 'लाँग-ईझी' जातीचे, घरी बांधलेले. त्याने स्वतः बांधलेले नव्हे, नुकतेच विकत घेतलेले. मूळ आराखड्यात टाकी बदलण्याचा कॉक वैमानिकाच्या पायांच्या मध्ये होता. बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला. हेतू वाईट नव्हता. वैमानिकाच्या खोलीत पेट्रोलच्या नळ्या नकोत, हा विचार चांगलाच म्हणायचा. पण कॉक फिरवायला वैमानिकाला अंग पूर्ण मागे वळवावे लागे आणि तसे करताना पाय आपोआप रडरच्या पेडलवर दाबला जाई. कॉकवर खुणा नव्हत्या, पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या काचेवरही आकडे नव्हते. अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळाने कॉकची ही जागा आणि नसलेल्या खुणा, दोन्ही गोष्टी नोंदवल्या. बांधणाऱ्याच्या डोक्यात सगळे स्पष्ट होते. ते दुसऱ्याच्या डोक्यात जाण्याची सोय नव्हती.

याच मंडळाने २०१२ मध्ये हौशी विमानांच्या सुरक्षिततेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इंजिन बंद पडणे हे अपघातांचे एक प्रमुख कारण निघाले, आणि शिफारशींत एक अशी, की पेट्रोल यंत्रणेची चाचणी कशी करायची ते ठरवून द्यावे आणि प्रमाणपत्राआधी तिचा लेखी अहवाल मागावा. मला ही शिफारस फार शहाणपणाची वाटते. कॅनडाची पद्धत त्या बाबतीत आधीपासून बरी आहे. इथे 'एमडी-आरए' नावाच्या व्यवस्थेमार्फत निरीक्षक येतो. तो फक्त शेवटी येत नाही, पंख आणि सांगाडा झाकून टाकण्याआधीही येतो. निरीक्षक बहुतेक स्वतः विमानात हात काळे केलेला माणूस असतो. नळ्या, टाक्या, पट्ट्या उघड्या असताना तो पाहतो. एकदा कातडे चढले की मग देवालाही दिसत नाही.

तरीही माझे म्हणणे आहे, की हे पुरेसे नाही. प्रवाहाची रूढ चाचणी अशी: नाक चढाईच्या कोनात वर करायचे, कार्ब्युरेटरची नळी सोडवून डब्यात धरायची आणि इंजिनाला लागते त्याच्या दीडपट पेट्रोल येते का ते मोजायचे. पंप असेल तर सव्वापट. तासाला २४ लिटरचे इंजिन असेल तर मिनिटाला ६०० मिलिलिटर आले पाहिजे. घरातले दूध मापायचे भांडे आणि घड्याळ पुरते. चाचणी उत्तम आहे. पण ती जमिनीवर, स्थिर हवेत होते. व्हेंटच्या तोंडाशी जो २१ सेंटीमीटरचा हिशोब वर केला, तो या चाचणीत येतच नाही. त्यातून कुणी सोयीसाठी टाकीचे टोपण उघडे ठेवून चाचणी केली, तर व्हेंटची परीक्षा शून्य होते. डब्याला मोठे दुसरे भोक पाडून 'तेल कसे छान येते' म्हणण्यासारखे ते आहे.

म्हणून माझ्या मते तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. एक, ही चाचणी टोपणे घट्ट लावून आणि प्रत्येक टाकीसाठी वेगळी, पेट्रोल कमीत कमी असतानाही करावी. दोन, सुरुवातीच्या चाचणी उड्डाणांत दर उड्डाणानंतर दोन्ही टाक्यांतले पेट्रोल पट्टी घालून मोजावे आणि लिहावे. व्हेंटमधला फरक तिथे लगेच दिसतो. तीन, पेट्रोल यंत्रणेत मूळ आराखड्यापेक्षा जे जे बदलले ते एका कागदावर चित्रासह काढून विमानाच्या कागदपत्रांत कायमचे ठेवावे. विमान विकले की कागदही सोबत जावा. मोठी टाकी घातली, मोटारीचे फ्युएल इंजेक्शनवाले इंजिन बसवले आणि त्याची परतीची नळी डावीकडून घेऊन उजवीकडे सोडली, तर ते पुढच्या मालकाला कळलेच पाहिजे. नाहीतर तो डाव्या टाकीवर निर्धास्त उडत राहील आणि परतीचे पेट्रोल आधीच भरलेल्या उजव्या टाकीच्या व्हेंटमधून आकाशात सांडत राहील.

यावर हौशी मंडळींचे उत्तर मला ठाऊक आहे. 'आज कागद मागाल, उद्या शिक्का मागाल, परवा छंदच बंद कराल.' ही भीती खोटी नाही. नियमांनी छंद मरतात, हे आपण भारतात पाहिलेच आहे. मुंबईच्या अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, पण नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडले, आणि तीही मुख्यमंत्री-पंतप्रधान पातळीवर विषय गेल्यावर. एका माणसाच्या आयुष्याची वर्षे फाइलीत गेली. आणि दुसरे टोक फुलसावंगीचे. यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात पत्र्याचे काम करणाऱ्या चोवीस वर्षांच्या तरुणाने हेलिकॉप्टर बांधले. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरच्या चाचणीत मागच्या पंख्याचे पाते तुटले आणि त्यात त्याचा जीव गेला. बातम्यांत त्याला 'रँचो' म्हटले गेले. हुशारीबद्दल वाद नाही. त्याला मिळाला नाही तो फक्त एक जाणता माणूस, जो सुरू करण्याआधी येऊन म्हणाला असता, 'थांब, हे पाते कशाचे केलेस? किती फेऱ्यांवर तपासलेस?'

म्हणजे आपल्याकडे एकतर साहेबाची फाइल आहे, नाहीतर काहीच नाही. मधला माणूस नाही. कॅनडाकडून घ्यायचा असेल तर तो मधला माणूस घ्यावा. त्याला येण्याजाण्याचे पैसे बांधणाऱ्याने द्यावेत, त्याच्या हातात नकार देण्याचा अधिकार असावा, आणि पत्रा चढण्याआधी त्याला बोलावणे बंधनकारक असावे. तो नियम म्हणजे छंदाचा शत्रू नव्हे. गच्चीवरच्या विमानाला आणि फुलसावंगीच्या शेडला त्याचाच उपयोग झाला असता.

आपण 'जुगाड' या शब्दाचे अलीकडे फार कौतुक करतो. इथल्या व्यवस्थापनाच्या परिषदांतही तो ऐकू येतो आणि आपली छाती फुगते. पण जुगाड आणि कारागिरी यांत फरक आहे. चांगला कारागीरही असलेल्या सामानातच काम भागवतो, पण तो मोजतो, आणि काय केले ते पुढच्याला सांगतो. जुगाड करणारा म्हणतो, 'चालतंय ना? मग झालं.' स्कूटरच्या बाबतीत मीही हेच म्हणेन. विमानात शेजारच्या खुर्चीवर बहुधा बायको असते, मुलगी असते, नाहीतर शेजारचा कौतुकाने आलेला मित्र. दारावरची पाटी वाचून त्यांनी बसायचे ठरवले खरे, पण व्हेंटचे तोंड कुठे आहे हे विचारण्याइतके त्यांना माहीत नसते. ते विचारण्याची जबाबदारी आपल्यासारख्या, माहीत असलेल्या लोकांची आहे.

तेव्हा वाचकांपैकी कुणी इथल्या एखाद्या हौशी विमानात बसायला निघाला असाल, तर जरूर बसा. वरून ऑक्टोबरातली ऑन्टारिओची लाल-पिवळी झाडे दिसतात ती जमिनीवरून दिसत नाहीत. फक्त चढण्याआधी मालकाला सहज विचारा, 'टाकीत हवा कुठून येते हो?' त्याने हसत हात धरून पंखाखाली नेले आणि ती बारीक नळी बोटाने दाखवली, तर निश्चिंत मनाने पट्टा बांधा. तो विचारात पडला, तर चहा पिऊन घरी या.